पोटखराब

कुणाबद्दल काही लिहावं, एवढी माझी पायरी नाही. आमच्या घरात आजवर जे काही लिहिलं गेलं ते मेंढरांच्या पाठीवर, गेरूनं. दुसऱ्याच्या कळपात मिसळली तर ओळखू यावीत म्हणून. कॉलेजात गेलेली घरातली मी पहिली. निबंध लिहिले, तेही परीक्षेपुरते. तेव्हा ज्या माणसाच्या घरी मी नुसती भाड्यानं राहिले, त्याचं चित्र काढायला बसणं हा आगाऊपणाच आहे. त्यांनी हे वाचलं तर म्हणतील, "तुला कुणी सांगितलं व्हतं?" कुणी सांगितलं नव्हतं. पण आज सकाळपासून माझं कशातच मन लागत नाही. सांगलीतल्या या हॉस्टेलच्या खोलीत पुस्तक उघडते आणि मिटते. तिकडं कोरेगावच्या रजिस्टर कचेरीत काय झालं असेल, ते कळेपर्यंत हात कशात तरी गुंतवावा, म्हणून लिहिते आहे. चुकलं तर सांभाळून घ्या.

त्यांना सगळे मेजर म्हणतात. ते मेजर नव्हते. साताऱ्याकडं पलटणीतून पेन्शनवर आलेल्या माणसाला गाव मेजरच म्हणतं, मग तो तिथं स्वयंपाकी का असेना. हे सरहद्दीवर कुठल्याशा गोदामावर पहाऱ्याला होते, एवढंच मला माहीत आहे. रहिमतपूरच्या पुढं ओढ्याच्या काठी त्यांचं घर आणि घरामागं शिंदीचं बन. शिंदी म्हणजे खजुराची रानटी बहीण. ओढ्याला पाणी असो नसो, ती उभी असते. कालव्याचं पाणी आल्यापासून त्या भागात उसाशिवाय काही दिसत नाही. त्या सपाट हिरव्या उसात हे एकच ठिकाण विस्कटलेलं होतं. शिंदीच्या मध्येच बाभळी, बोरी, हिवर, खाली घाणेरीची जाळी. परका माणूस बघून म्हणायचा, इथला मालक परगावी असतो वाटतं.

बी.एस्सी.ला प्रवेश मिळाला तेव्हा वडील आणि मी आटपाडीकडून खोली बघायला गेलो. वडील दारात उभे राहून पटक्याचं टोक चाचपत होते. भाडं किती सांगतील, याची त्यांना काळजी. मेजर आतून आले ते थांबलेच नाहीत. अंगणाच्या या टोकाकडून त्या टोकाकडं जाताजाता त्यांनी मला पहिला प्रश्न विचारला.

"पोरी, केस कुठं टाकतीस?"

मला कळेना. वडील माझ्याकडं बघायला लागले.

"विंचरल्यावर गुंतवळ निघतंय न्हवं? ते कुठं टाकतीस?"

"उकिरड्यावर," मी म्हटलं.

"हितं टाकायचं न्हाई. पाखरं उचलून घरट्यात नेत्यात. पिल्लाच्या पायाला फास बसतोय. पाय वाळून जातोय. काकूजवळ द्यायचं. ती भांडेवाल्या बाईला घालती आन् वाट्या घेती."

आतून काकूंचा आवाज आला, "आवं, माणसास्नी आधी पाणी तरी इचारा! केस केस काय लावलंय?"

परत निघालो तेव्हा मेजर मागून ओरडले, "पाव्हणं, पोरगी खुशाल ऱ्हाऊ दे. मेंढरं मातुर हिकडं फिरकवू नका. मेंढरू म्हंजे माज्या बनाला पोकलेनच!"

वडील स्टँडपर्यंत झपाझप पुढं चालत राहिले. मला वाटलं, राग आला. एसटीत बसल्यावर म्हणाले, "जो पिल्लाच्या पायाचा इचार करतोय तो पोरीला तरास द्यायचा न्हाई. ऱ्हा हितंच."

अशी मी राहिले.

मेजर एका जागी ठरत नसत. चहाची कपबशी हातात घेऊन बनात जायचे, बशी एका झाडाखाली, कप दुसऱ्याखाली, आणि मग काकू दोन्ही शोधत फिरायच्या. बोलायचे तेही चालता चालता, म्हणजे त्यांचं अर्धं वाक्य आपल्याला आणि अर्धं बाभळीला. त्यांच्याबरोबर काही बोलायचं असेल तर आपणही चालायचं. मी वनस्पतिशास्त्राचा बराच भाग त्यांच्या मागं चालत पाठ केला. त्यांना तो ऐकवायचे नाही. त्यांना त्यात गोडी नव्हती. "पुस्तकातलं झाड मला नगं. त्येच्यावर पाखरू बसत न्हाई," म्हणायचे.

थंडीत शिंदीला रस सुटतो. शेंड्याजवळ खोड तासून खाच पाडायची, बांबूची नळी ठोकायची, खाली मडकं टांगायचं. दिवस कलला की मडकी चढवायची आणि ऊन यायच्या आत उतरवायची, कारण उन्हात रस आंबतो आणि नीरेची ताडी होते. रस काहिलीत आटवला की काकवी. उसाची काकवी आपण सगळे खातो. शिंदीची तिच्याहून काळी, पातळ आणि किंचित धुराच्या वासाची. भाकरीबरोबर पहिल्यांदा खाल्ली तेव्हा मला आवडली नव्हती. आता सांगलीत ती मिळत नाही, तेव्हा आठवते.

त्यांच्या बनात मात्र सगळ्या झाडांना मडकी नसत. ज्या झाडाचा रस यंदा काढला, त्याचा पुढच्या वर्षी काढायचा नाही. ते झाड "रजेवर". जे मडकं वागवतंय ते "ड्यूटीवर". रजेवरच्या झाडाला ते पांढरी चिंधी बांधत. आणि जी झाडं मरून नुसते खुंट उभे होते, ते "पेन्शनर". त्यांना कुणी हात लावायचा नाही. त्यांच्या ढोल्यांत पिंगळे राहत, साळुंक्या राहत, एकात हुदहुद होता. जिवंत झाडांच्या वाळक्या झावळ्याही ते तोडू देत नसत, कारण लोंबत्या झावळीच्या आत पाकोळी घरटं चिकटवते. काहिलीखाली जाळायला जे आपोआप गळून पडेल तेवढंच.

त्यामुळे काकवी थोडी व्हायची. शेजारचे म्हणायचे, "मेजर, बाभळी काढा, खुंट काढा, मोकळ्या जागंत आणखी शिंदी लावा. दुप्पट माल निघंल."

"एका जातीची पलटण लढाईत टिकत न्हाई," मेजर म्हणायचे. "सुगरण दाणं खाती, पर पिल्लाला आळी लागती. शिंदीवर आळी कुठली? ती बाभळीवर. बाभळ म्हंजे आमची मिलिटरी कॅन्टीन हाय. कॅन्टीन तोडून बराक वाढवत न्हाईत."

एकदा गाव स्वच्छतेच्या स्पर्धेत उतरलं होतं. सरपंच आणि पाच-पंचवीस पोरं खराटे घेऊन बनाच्या तोंडाशी आली. तपासणीला पाहुणे येणार होते आणि रस्त्यावरून हा पसारा दिसत होता.

"मेजर, निदान ही मेलेली खोडं तरी काढूया. गाव घाण दिसतंय."

"केरसुणी कशाची असती, सरपंच?"

"शिंदीची."

"मग! केरसुणी जिथं उगवती तिथंच झाडू माराय आलायसा व्हय?"

पोरं हसली. सरपंच हटेनात. "आवं, पर मेलेलं झाड ठेवून उपेग काय?"

मेजर चालायचे थांबले. ते थांबले की काहीतरी येणार, हे मला तोवर कळलं होतं. "माझं पेन्शन मी मेल्यावर बंद व्हतंय का? न्हाई. हिला मिळतंय." त्यांनी घराकडं हात केला. "फॅमिली पेन्शन म्हणत्यात त्येला. झाड मेलं तरी त्येची फॅमिली आत ऱ्हाती. सरकारनं दिलेलं तुमी कोण तोडणार?"

सरपंच खराटे घेऊन परत गेले. काकू भांडी घासता घासता म्हणाल्या, "मेल्यावर मिळणार म्हणं. जित्तेपणी एक पापड सुखानं वाळवू देत न्हाई ह्यांची फॅमिली." काकूंचे पापड आणि कुरडया पाखरं खरोखरच घाण करायची. त्या शिंदीला "माजी सवत" म्हणायच्या. पण एखादं पिल्लू खाली पडलं तर त्याला कापसावर घेणाऱ्याही त्याच.

मेजरांना सगळं कळायचं असं मात्र मी म्हणणार नाही. सुगरण घरट्यात ओल्या मातीचा गोळा लावते हे खरं आहे. त्या गोळ्यात ती काजवा चिकटवते आणि उजेड करते, यावर त्यांची ठाम श्रद्धा होती. मी एकदा अडखळत म्हटलं, "काका, तसं कुणी पाहिलेलं नाही म्हणतात." त्यावर ते मला दिवेलागणीला ओढ्याकाठी घेऊन गेले. घरटी झुलत होती. आम्ही मान वर करून उभे. कुठंच काही चमकेना. डास चावत होते.

"काका, उजेड दिसत नाही."

"लोडशेडिंग असंल," मेजर म्हणाले आणि चालू लागले.

सांगलीला पहिल्यांदा आले ती त्यांच्याबरोबरच. मला पुढच्या शिक्षणाची चौकशी करायची होती आणि त्यांना काकवी आणि थोडा शिंदीचा गूळ घेऊन पेठेत जायचं होतं. एसटीत त्यांनी आपली जागा एका बाळंतिणीला दिली आणि कराडपासून उभेच. पेठेतल्या एका अडत्यानं गुळाचा खडा हातात घेऊन उजेडात धरला. तिथं सगळीकडं पिवळ्याजर्द ढेपा लागलेल्या.

"मेजर, हा गूळ म्हणायचा का डांबर?"

"तुमचा एवढा पिवळा कसा वो? हळदीची पेठ शेजारीच हाय म्हणा!"

हमाल खोखो हसले. अडत्याही हसला. त्यानं खडा तोंडात टाकला आणि त्याचा चेहरा बदलला. काकवी बोटावर घेऊन चाटली. मग एकदम धंद्याच्या आवाजात म्हणाला, "मुंबई-पुण्याची गिऱ्हाइकं हल्ली हेच मागतात. मी सगळा घेतो. पण एवढ्याशात काय होणार? झाडं किती आहेत? सगळ्यांना मडकी लावा. दर साल लावा."

"म्हंजे रजा रद्द करू?"

"कसली रजा?"

"लढाई लागल्याबिगर रजा रद्द करता येत न्हाई," मेजर म्हणाले, आणि किटल्या उचलून चालायला लागले. अडत्या माझ्याकडं बघत राहिला. मी काय सांगणार? मी पण त्यांच्या मागं पळाले. ती काकवी शेवटी त्यांनी कराडच्या स्टँडवर चहावाल्याला दिली, आणि त्यानं दिलेला चहा उभ्याउभ्या प्यायले.

आता ते सांगते, ज्यामुळं आजची कचेरी आली.

सातबाऱ्यावर जी जमीन पेरणीच्या कामाची नसते, ओढा, खडक, झुडपं, तिला पोटखराब म्हणतात. जमिनीच्या पोटातला खराब भाग, एवढाच अर्थ. सरकारी शब्द आहे. मेजरांनी आयुष्यभर तो उतारा पाहिलाच असेल, पण नीट वाचला नसावा. कशासाठी तरी तलाठ्याकडं गेले तेव्हा तलाठी सहज बोलून गेला, "मेजर, तुमचं ते बन म्हणजे सगळं पोटखराबच की."

मेजर घरी आले ते तापलेले. "माज्या पोटाला काय धाड भरलीया? हजार पाखरं पोट भरत्यात तिथं, आन् म्हणं पोटखराब!"

काकू म्हणाल्या, "तुमच्या पोटाला न्हवं, जमिनीला म्हणत्यात."

"जमिनीला म्हणलं काय आन् मला म्हणलं काय!"

तेव्हापासून हाच एक ध्यास. पोटखराब जमीन लागवडीलायक म्हणून लावून घेता येते, असं कुणीतरी त्यांना सांगितलं. मग तलाठी, सर्कल, तहसील. मी कॉलेजातून यायचे तर हे नुकतेच तिथून आलेले किंवा तिथं निघालेले. पायात एक चप्पल, दुसरी हातात. काकूंनी एकदाच, अगदी हळू सांगितलं होतं. मी चुलीजवळ बसले होते म्हणून मला ऐकू आलं.

"ऱ्हाऊ द्या ते नाव. पोर जगावं म्हणून त्येचं नाव दगडू ठेवत्यात, धोंडू ठेवत्यात. कुणाची नदर लागू ने म्हणून. तसंच हाय ते. खराब म्हणत्यात म्हणूनच वाचलंय."

"माझं बन काय दगडू हाय?" मेजर म्हणाले आणि बाहेर पडले.

त्यांना यश आलं. उताऱ्यावरचा तो शब्द गेला. मेजरांनी गावभर काकवी वाटली. ग्रामपंचायतीसमोर उभं राहून, न चालता, म्हणाले, "आता कुणी पोटखराब म्हणायचं न्हाई. लायक म्हणायचं." लोकांनी चेष्टेत त्यांना सलाम ठोकला. ते खरंच समजून त्यांनीही ठोकला.

आणि पंधरवड्यात त्यांचे धाकटे बंधू आले.

हे एसटीत ड्रायव्हर होते. वाटण्या झाल्या तेव्हा दोघा भावांनी चांगली जमीन विभागून घेतली होती आणि ओढ्याकाठचं बन तसंच दोघांच्या नावावर सामाईक राहिलं होतं. पोटखराबात वाटा मागतो कोण? आता ते पोटखराब नव्हतं. धाकटे अंगणात खाटेवर बसले. मेजर त्यांच्याभोवती फिरत होते.

"दादा, एका जागी उभा ऱ्हा की जरा. मला गरगराय लागलं."

"बोल तू."

"माझा वाटा मोजून दे. मला ऊस लावायचाय."

"तिथं सुगरणी हायत."

"व्हय, हायत. मी काय त्या न्हाईत म्हणतोय?" धाकट्यांनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "दादा, तुझ्या झाडास्नी एक वर्साआड रजा असती. मला कवा मिळाली सांग. दिवाळीला लोक घरी जायचे. त्यास्नी घरी सोडणारा मी. माझ्या पोरीच्या बारशाला मी महाबळेश्वरच्या घाटात. आता म्हातारपणी माझ्या बांधावर उभा ऱ्हाऊन माझा ऊस बघीन म्हणतो. त्यात तुला काय वंगाळ दिसतंय?"

मेजर खाटेभोवती फिरतच राहिले. धाकट्यांचं काही चुकत नव्हतं. मी आत जाऊन पुस्तक उघडून बसले, पण खाटेभोवती घासणाऱ्या मेजरांच्या चपला मला भिंतीतून ऐकू येत होत्या.

मोजणीवाले आले. त्यांनी बनाच्या मधोमध दगड रोवले. नेमका सुगरणींच्या घरट्यांचा घोळका ज्या बाजूला असतो, ओढ्याच्या वाकणावरचा, तो धाकट्यांच्या वाट्याला गेला. मेजर त्या दगडांच्या या अंगानं त्या अंगाला जात येत राहिले, जसं काही चुकून ते आणखी सरकतील.

मग त्यांना अदलाबदलीची कल्पना सुचली. ओढ्याच्या वरच्या अंगाला कालव्याच्या पाण्यावरचा उसाचा एक चांगला तुकडा होता. तो धाकट्यांना द्यायचा आणि त्यांचा बनातला वाटा घ्यायचा. धाकटे लगेच तयार झाले. असा सौदा कोण सोडतो? अडचण एकच होती. तो तुकडा काकूंच्या नावावर होता.

काकू कधी आवाज चढवत नसत. त्या दिवशीही चढवला नाही. हरभरा निवडत होत्या.

"तुमी सरहद्दीवर व्हता तवा हा तुकडा माज्या नावावर केलासा. मी इचारलं, का? म्हणलासा, मी न्हाई आलो तर. आठवतंय?"

"आठवतंय."

"आता आलायसा न्हवं? मग माज्या तुकड्यावर डोळा का?"

"मी कुठं डोळा—"

"त्या तुकड्याला मी पाणी पाजलंय. राती-अपराती बारं धरलंय. माज्या आईला नवरा गेल्यावर दिरानं भाईर काढली, ते मी बघितलंय. पेन्शन तुमचं हाय, बन तुमचं हाय, पाखरं तुमची हायत. त्यो तुकडा तेवढा माजा हाय. मी सही करायची न्हाई."

मेजर बनात गेले. त्यांची मुलगी पुण्याला असते; तिचा फोन आला तर ती आईच्याच बाजूनं बोलली. गावही काकूंच्याच बाजूनं. मला कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं, हे मला आजही ठरवता येत नाही. बनात गेले की वाटायचं, मेजर बरोबर आहेत. काकूंच्या शेजारी भाकरी थापायला बसले की वाटायचं, याच बरोबर आहेत. असं माझं नुसतं इकडून तिकडं.

तेवढ्यात माझी परीक्षा झाली आणि मी सांगलीला आले. इथं एम.एस्सी. करते. संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर जाते, तिथं वटवाघळं बघते आणि परत येते. काकूंना फोन करते. त्या पावसाचं सांगतात, भुईमुगाचं सांगतात, आणि मग मी विचारते, "सही?" त्या म्हणतात, "न्हाई." सगळा उन्हाळा असाच गेला. धाकट्यांनी मुदत दिली होती: श्रावण सरायच्या आत अदलाबदल झाली तर ठीक, नाहीतर ते झाडं उपटायला पोकलेन मशीन सांगणार. मृग गेला, सुगरणींनी विणायला सुरुवात केली. मेजर फोनवर येत नसत. काकू म्हणायच्या, "ते बघ, त्या दगडाजवळ फिरत्यात. जेवाय हाक मारली तर आलो म्हणत्यात आन् तिसरीकडंच जात्यात."

गेल्या आठवड्यात मी सवयीनं विचारलं, "सही?"

काकूंनी पुन्हा भुईमुगाचंच काढलं. मग म्हणाल्या, "सोमवारी कोरेगावला जायचं ठरलंय. करते मी."

"का हो काकू?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"का म्हंजे? माणूस वाळून चाललाय. पिल्लाचा पाय वाळतोय तसा. किती दिस बघत बसू?"

आज सोमवार. दुपारपासून मी दोनदा फोन लावला, उचलला नाही. धाकट्यांचा नंबर माझ्याकडं आहे, पण त्यांना मी कोण म्हणून फोन करायचा? एवढं लिहून झालं होतं. मी उठून खिडकीपाशी गेले, परत आले, मागचं पान वाचलं, त्यात मेजरांच्या चष्म्याबद्दल, त्यांच्या भांडकुदळ कोंबड्याबद्दल लिहायचं राहिलं होतं, ते लिहावं की नको असं चाललं होतं. तेव्हा काकूंचा फोन आला.

त्यांचा आवाज थकलेला होता. मागं कुणीतरी बादली आपटल्याचा आवाज आला.

"झाली सही?" मी विचारलं.

"न्हाई झाली."

"तुम्ही नाही केली?"

"मी कराय गेले की गं. मेजासमोर उभी ऱ्हायले, फोटू काढला, आंगठ्याला मशीन लावलं. पेन हातात घेतलं आन् ह्यांनी माजा हात धरला. सगळ्यांच्या देखत. साहेब बघतोय, धाकलं भाऊजी बघत्यात. म्हणले, नगं."

"का?"

"मला म्हणले, तू न्हाई म्हणत व्हतीस तवर माज्यात जोर व्हता भांडायचा. आता व्हय म्हणलीस तर मलाच भ्या वाटाय लागलं. मी न्हाई ऱ्हायलो तर तुज्याजवळ काय उरंल?" काकूंनी कुणाला तरी बादली उचलायला सांगितलं. "लय येडा माणूस हाय बग. एवढ्या दिसांनी मी मन घट्ट केलेलं."

म्हणजे बनाचा अर्धा भाग गेला. ओढ्याच्या वाकणावरचा सगळा घोळका. मी तसं म्हणाले.

"व्हय. वाटा भाऊजींचाच. हे भाईर आले आन् भाऊजींस्नी म्हणले, तुझं तू घे, तुला ऊस लावायचा तर लाव. मी आडवा येणार न्हाई. फकस्त पिल्लं उडूस्तवर पोकलेन थांबीव."

"मग?"

"च्याच्या टपरीवर उभं ऱ्हायलं दोघं. मला वाटलं, आता हितं भांडत्यात. मग भाऊजी म्हणले, दादा, पिल्लं उडाली हे मला कसं कळायचं? मला काय, सगळी पाखरं सारखीच. हे म्हणले, रोज सकाळी ये. दावतो. कुठल्या घरट्यात काय हाय, कुठलं रिकामं झालं, तुझं तू बघ आन् मग ठरीव."

"ते काय म्हणाले?"

"उद्यापासनं येतो म्हणलेत. सहाला."

ही बातमी चांगली की वाईट, मला ठरवता आलेलं नाही. काकूंनाही आलं नसावं. फोन ठेवायच्या आधी त्या मलाच विचारत होत्या, "येतील का गं खरंच?"